हॉटेलातलं फडकं

मिसळीच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन गोष्टी हमखास असतात: हार घातलेले संस्थापक आणि चौदा आकडी परवाना. गिऱ्हाईक दोघांकडेही बघत नाही. ते बघतं टेबल पुसणाऱ्याच्या खांद्यावरच्या फडक्याकडे.

या फडक्याचा मूळ रंग ठरवायला पुरातत्त्व खातंच बोलवावं लागेल. आधीच्या माणसाचा सांडलेला कट, त्याच्याही आधीच्याची शेव, कुणाचा तरी चहा, सगळं ते पोटात घेतं आणि पुढच्या टेबलावर सढळ हाताने वाटतं. टेबल स्वच्छ होत नाही, सगळीकडून एकसारखं ओलं होतं. मालकाला आपल्याबद्दल फारच आपुलकी वाटली, तर तेच फडकं ग्लासाच्या आतूनही फिरतं.

अन्नसुरक्षेचा कायदा आहे की! 2006 सालचा. त्याखालच्या नियमांत कामगारांची नखं, टोपी, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, सगळं लिहिलंय. तळणीच्या तेलात पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद. 1 जुलै 2019 पासून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायलाही बंदी आहे, कारण गरम, तेलकट पदार्थात शाई उतरते. तरी वडा अजून अग्रलेखात गुंडाळूनच घरी येतो. तेलामुळे निदान अग्रलेख पारदर्शक होतो.

पण खरा निरीक्षक गिऱ्हाईक, आणि ते फार लवकर फितूर होतं. उपमा बेचव निघाला की लगेच माशी दिसते, भिंतीची पोपडी दिसते. मिसळ झणझणीत असली की तीच माशी घरातल्या माणसासारखी वाटते. वर वाटीभर कट फुकट आला, की तपासणी संपली. (घरच्या ओट्यावरच्या फडक्याचा विषय इथे कुणी काढू नये.)

गंमत म्हणजे आपला संशयही चुकीच्या माणसावर. रटरटणाऱ्या कटात जंतूंचा निभाव लागणं कठीण. ते सुखाने नांदतात सकाळी चिरून उघड्यावर ठेवलेल्या कांद्यात, लिंबाच्या फोडीत, पिंपातल्या पाण्यात. म्हणून जपणारा माणूस सीलबंद बाटली मागवतो, झाकण नीट तपासतो, मग तोच कांदा मूठभर मिसळीवर पसरतो. चमचा मात्र हॉटेलवाल्यावर सोडत नाही. कोल्हापूरपर्यंत एसटीत घाम पुसत आलेला रुमाल खिशातून काढतो आणि चमचा लख्ख पुसून घेतो.