एक नंबर मोठं

मापाचे काका भालकी-औराद भागात गावोगावी आढळतात. लग्न असो, बारसं असो, भांडं चुलीवर चढायच्या आत त्यांना बोलावणं जातं. काकांनी जन्मात कधी भात लावलेला नाही. पण रिकाम्या पातेल्यात डोकावून, काठावर टिचकी मारून "हे पुरत नाही" म्हणायला स्वयंपाक कशाला यावा लागतो?

बाजारात पातेली किलोवर विकतात आणि काकांचा सल्ला कायम एक नंबर मोठं घ्या असा. भांडीवाला त्यांना उगाच नाही चहा पाजत.

त्यांचा खरा हंगाम म्हणजे मार्गशीर्षातली येळवस. रानात ज्वारी-हरभरा उभा, कडब्याची कोप, कोपीत पाच पांडव, पुढ्यात भज्जी, उंडे आणि आंबील. ज्वारीचं पीठ नि ताक आंबायला घातलं की काकांच्या तोंडाला खळ नाही. आंबतं ते फुगतं, म्हणून बिंदगी गळ्यापर्यंत भरू नये. पितळेचं भांडं असेल तर आधी कल्हई बघावी, नाहीतर सगळं कळकतं. यातलं अक्षरही खोटं नाही. फक्त ज्या बायकांना ते हे ऐकवतात, त्यांच्याकडूनच त्यांनी ते ऐकलेलं असतं.

"वैनी, माणसं किती?"

"चाळीस."

"म्हणजे साठ धरा."

"वरची वीस कुठली वो काका?"

"उदगीरची."

याला वैनींकडे उत्तर नसतं. 1956 साली राज्यांची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-औराद इकडे आले. पाहुणे मात्र कुणी वाटून दिले नाहीत. वैनी "बरं" म्हणतात, गावकीतली मोठी डेग आणवून कोपऱ्यात ठेवतात आणि आंबील नेहमीच्याच बिंदगीत करतात. संध्याकाळी काका ढेकर देऊन म्हणतात, "बघा, बरोब्बर पुरली."

त्याच दिवशी रानात दूध मुद्दाम उतू घालवतात. त्या भांड्याचं तेवढं काकांना कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर दूध आजवर उतू गेलंच नसतं.

परवा बेंगळुरूच्या पुतण्याचा फोन आला. तो घरी बिअर करायला निघालाय. काका माळकरी, म्हणून त्यानं "सातूची आंबील" एवढंच सांगितलं. वीस लिटर हवी, तासभर उकळायची, भांडं केवढं घेऊ?

"उकळी फुटताना फेस येतो का?"

"लई येतो."

"आणि तासाभरात आटणारच. तिसाच्या वरचं घे."

बिअर करणारे जाणकारही जवळपास हेच माप सांगतात. पुतण्या चाटच पडला. काका मात्र अजून मोजतच होते.

"पिणारे किती?"

"तिघं."

"उदगीरला कळलंय का?"

"नाही."

"कळेल. पन्नासाचं घे."