बिनभांडवली ट्रकमालक : नवशिक्या चालकासाठी अमेरिकी मार्गदर्शन

अमेरिकेत ट्रकचा मालक होण्यासाठी भांडवल लागते, हा गैरसमज आहे. ‘लीज-पर्चेस’ या, ट्रक भाड्याने घेऊन हप्त्यांनी विकत घेण्याच्या योजनेत भांडवल नसलेल्या, किंबहुना अनुभवही नसलेल्या चालकाला ट्रक मिळतो. जड ट्रक चालवण्याचा क्लास ए परवाना नुकताच हातात पडलेला असतो, आणि ज्या कंपनीने प्रशिक्षण दिले तीच त्याला चकचकीत ट्रक दाखवते. आगाऊ रक्कम नाही, पत तपासणे नाही. ज्याला बँकेने कधी बसा म्हटले नाही, त्याच्या हाती दीड-दोन लाख डॉलरची गाडी देण्याचा हा मोठेपणा पाहून इच्छुकाने गहिवरून जावे आणि सही करावी. करार नंतर वाचता येतो.

सही होताच चालकाची बढती होते. तो नोकर राहत नाही, स्वतंत्र व्यावसायिक होतो. पगारदाराच्या सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर कराचा निम्मा भाग मालक भरतो. इथे मालकही तोच आणि नोकरही तोच, त्यामुळे दोघांचा मिळून १५.३ टक्के कर तोच भरतो. शिवाय आयकर वेगळा, आणि तोही दर तिमाहीला आपणहून. कामावर अपघात झाल्यास पगारदाराला मिळणारी कायदेशीर भरपाई व्यावसायिकाला सहसा लागू नसते. त्यासाठी स्वतःच्या खर्चाने विमा काढावा. प्रतिष्ठेची एवढी किंमत मोजावीच लागते.

मालकीची व्याप्ती समजून घेणेही इष्ट. अठरा चाकांपैकी ट्रॅक्टरची दहा चाके आपली, मागच्या ट्रेलरची आठ बहुधा कंपनीची. आपल्या चाकांवर कोणाचा माल न्यायचा, हे मात्र अनेक करारांत कंपनीच ठरवते. ट्रक भाड्याने देणारी आणि माल देणारी कंपनी एकच, नाहीतर सख्ख्या बहिणी. खरी मेख इथे आहे : हप्ता किती ते कंपनी ठरवते आणि तो फेडण्यापुरता माल मिळेल की नाही, तेही कंपनीच ठरवते.

आता हिशेब. दर आठवड्याला ‘सेटलमेंट’ नावाचा कागद येतो. तो खालून वर वाचू नये, जीव घाबरा होतो. वरून सुरुवात करावी. समजा आठवड्यात २,२०० मैल झाले आणि ३,३०० डॉलर जमा झाले. हा आकडा घरी फोन करून सांगण्यासारखा असतो. फोन इथेच करावा. पुढे डिझेल : गॅलनला साडेसहा मैल धरल्यास सुमारे ३४० गॅलन, चार डॉलरच्या भावाने १,३६०. रिकाम्या ट्रेलरने कापलेल्या मैलांनाही डिझेल तितकेच लागते, मोबदला मात्र कमी किंवा शून्य. ट्रकचा साप्ताहिक हप्ता ९०० धरू. दुरुस्तीच्या राखीव खात्यात मैलामागे दहा सेंट, म्हणजे २२०. विमा, नंबरप्लेट, टोल, तास मोजणारे यंत्र वगैरे किरकोळीत ३००. हाती उरतात ५२० डॉलर, करापूर्वीचे. एवढ्या मैलांत चाळीसेक तास चाकामागे जातात आणि गोदामाबाहेर ताटकळण्याचे तास त्यावर.

पुढच्या आठवड्यात इंजिनाने मान टाकली आणि ट्रक गॅरेजात गेला, तर जमा शून्य. हप्ता आणि किरकोळ खर्च मात्र सुट्टी घेत नाहीत. सेटलमेंट उणे १,२००. दोन आठवड्यांची गोळाबेरीज केल्यास व्यावसायिक कंपनीला ६८० डॉलर देणे लागतो. राबूनही देणेकरी होण्याची ही सोय साध्या नोकरीत मिळत नाही.

जास्त तास चालवून खड्डा भरून काढावा, हा विचार सुचेल. कायदा आडवा येतो : दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तासच गाडी चालवता येते आणि रोज धावणाऱ्या कंपन्यांत आठ दिवसांत कामाचे ७० तास. खड्ड्यात भर म्हणून वर्षाकाठी जड वाहनांचा संघीय करही आहे. एकूण वजन ७५,००० पौंडांच्या वर असल्यास ५५० डॉलर.

राखीव खात्यातली रक्कम चालकाची असते, हे बहुतेकांना ती परत मागताना कळते. संघीय नियमानुसार अशा खात्यावर तिमाही व्याज द्यावे लागते, करार संपल्यावर ४५ दिवसांत शिल्लक परत करावी लागते आणि कोणकोणती कपात होणार, हे करारात आधीच लिहावे लागते. पण कपातीची यादी लांबलचक असली की शिल्लक आखूड होते.

मुदतीअखेर बहुधा एक ठोक रक्कम भरून ट्रक नावावर होतो. तोवर त्याने लाखो मैल कापलेले असतात. मध्येच सोडल्यास भरलेले हप्ते भाडे म्हणून जमा होतात. पुन्हा नवा चकचकीत ट्रक घेण्याचा मार्ग अर्थात खुला असतोच.

या योजनांचा अभ्यास करण्यासाठी २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये एक संघीय कृतिदल नेमले गेले. जानेवारी २०२५ मधील अहवालात त्याने अशा लीज-पर्चेस योजनांवर बंदी घालावी, अशी शिफारस अमेरिकी काँग्रेसला केली. इच्छुकाने सहीपूर्वी करार वकिलाला दाखवावा, आणि वकील परवडत नसेल तर वर्षभर पगारावर गाडी चालवावी.