आतला फोन आतच राहू द्या

तालुक्याच्या गावातल्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात हल्ली एक टाय लावलेला माणूस येतो. आतले फोन एकमेकांना जोडणाऱ्या, जिन्याखालच्या ईपीएबीएक्सच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणतो, "डॉक्टर, हे भंगारात द्या. आता सगळं क्लाउडवर." डॉक्टर नुकतेच ओटीतून बाहेर आलेले असतात, डब्याची एएमसी कधीच संपलेली असते, दोन वॉर्डांचे इंटरकॉम खरखरत असतात. सही होते.

ही सही करू नका. निदान त्या कागदावर आहे तशी करू नका.

क्लाउड टेलिफोनीशी माझं वैर नाही. पुणे, नाशिक आणि नागपूरला शाखा असलेल्या टूर कंपनीनं आज भिंतीवर डबा ठोकायला घेतला, तर मी तिला थांबवीन. तिचे जवळजवळ सगळे कॉल बाहेरून येतात आणि बाहेर जातात. विक्रीची मुलं घरून काम करतात, कोण कुठे बसलंय यानं काही अडत नाही, फक्त चुकलेला कॉल कुणाचा होता ते कळायला हवं. तिथला निर्णय पाच मिनिटांचा आहे. रुग्णालयाचं गणित वेगळं. लेबर रूममधून बालरोगतज्ज्ञांच्या केबिनला, वॉर्डातून लॅबला, आयसीयूतून फार्मसीला, स्पेशल रूममधून सिस्टरच्या टेबलाला. इथे दिवसभर घंटा वाजतात त्या एकाच इमारतीतल्या माणसांनी एकमेकांना मारलेल्या हाका असतात.

ती हाक कुठून कुठे जाते ते बघा. जुन्या डब्यातून प्रत्येक एक्स्टेंशनला तांब्याची एक जोडी जाते. आवाज तिच्यातूनच आणि फोनला लागणारी वीजही तिच्यातूनच. डबा यूपीएसवर असला की लाइट गेली तरी वॉर्डातला फोन चालू राहतो. होस्टेड, म्हणजे क्लाउडवरच्या, व्यवस्थेत तोच फोन इंटरनेटवरून दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरकडे नोंदलेला असतो. सिस्टरनं शेजारच्या आयसीयूचा नंबर दाबला की कुणाला वाजवायचं हा निरोप आधी त्या सर्व्हरकडे जातो आणि मग त्याच मजल्यावर परत येतो. मधली फायबर तुटली की वीस पावलांवरचा फोन मुका. शिवाय आयपी फोनला वीज हवी, स्विचला हवी, राऊटरला हवी, फायबरच्या डबीला हवी. यातलं एकही यूपीएसवर घ्यायचं राहिलं, तर लाइट गेल्याबरोबर साखळी तुटते. पेशंटचं हृदय थांबलं म्हणून कोड ब्लू पुकारायचा आणि फोनवर शांतता, ही वेळ कुठल्याही सिस्टरवर येऊ नये.

इंटरनेट गेलं तरी आतले फोन चालू ठेवणारं यंत्र बाजारात मिळतं. पण ते वेगळं मागावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. तुमच्या कोटेशनमध्ये ती ओळ आहे का, ते आजच बघा.

कंपनीचा माणूस म्हणतो, १०० एमबीपीएसची लाइन घ्या, काही होत नाही. या आकड्याचा इथे संबंधच नाही. नेहमीच्या पद्धतीनं एका कॉलला प्रत्येक दिशेनं साधारण १०० केबीपीएस लागतात. एकाच वेळी दहा जण बोलले तरी एक एमबीपीएसच्या आसपास. अडतं ते आवाज पोचायला लागणाऱ्या उशिरापाशी आणि मधल्या खंडांपाशी. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. तेव्हा वेगाचं पत्रक बाजूला ठेवा आणि उशिराचं व खंडांचं लेखी आश्वासन मागा. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नका. दोन्ही केबल एकाच खांबावरून येतात का, ते स्वतः बाहेर जाऊन बघा. गटाराच्या कामावर आलेला जेसीबी कंपनीचं नाव वाचून खणत नाही.

आता बाहेरचा नंबर. मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. अपघातातला जखमी जीपमध्ये आहे, नातेवाईक रुग्णालयाला फोन लावतोय आणि त्याला ऐकू येतंय, मराठीसाठी एक दाबा. मग स्वागत, मग आरोग्य तपासणीच्या पॅकेजची जाहिरात, मग संगीत. अपॉइंटमेंटसाठी आयव्हीआर खुशाल ठेवा. कॅज्युअल्टीचा नंबर मात्र वेगळा हवा, आणि तो उचलणारा माणूस चोवीस तास हवा. हा खर्च परवडत नसेल, तर दारावरची 'आपत्कालीन सेवा २४ तास' ही पाटी उतरवा.

आणि तो नंबर कुणाच्या नावावर आहे? मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती आजही नाही. व्हर्च्युअल नंबर घेतलात, तर तो क्लाउड कंपनीच्या खात्यावर आहे की तुमच्या, हे करारात लिहून घ्या. फाइलवर, पाटीवर, गावातल्या रिक्षांच्या पाठीवर छापलेला नंबर उद्या भाडं वाढवल्यावर सोडता येत नसेल, तर तुम्ही ग्राहक उरत नाही, ओलीस होता. अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. ऑपरेटर आपले कॉल प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असं सांगतात. १८९१ साली त्यानं स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळवलं. आपला कॉल कुठे जाईल हे मधल्या माणसानं ठरवू नये, एवढीच त्याची तक्रार होती. ती आजही रास्त आहे.

म्हणून जिन्याखालचा डबा पूजेला बसवा, असं मी म्हणत नाही. डब्याच्या मालकांचे हलगर्जीपणाचे नमुने कमी नाहीत. एक तर तो जिन्याखाली का आहे? २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात शिरलं. पूररेषेतल्या गावात तळमजल्यावर एक्स्चेंज ठेवणं हा निष्काळजीपणा आहे. डबा वरच्या मजल्यावर न्या, अर्थिंग तपासा. वळवाच्या विजांनी कार्डं जळतात आणि मग महिनाभर चिठ्ठ्या घेऊन मावशींची धावपळ चालते. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवलेला असतो. इंटरनेटला जोडलेल्या अशा डब्यात शिरून, शनिवारी रात्री परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावणारे चोर जगभर आहेत. बिल मालकाच्या नावानं येतं. आंतरराष्ट्रीय कॉल लागत नसतील, तर ते बंदच करून घ्या. आणि प्रोग्रॅमिंगची माहिती एकाच वायरमनच्या डोक्यात असेल, तर ती आधी कागदावर उतरवा.

पैशाचं थोडक्यात. होस्टेड सेवेचं भाडं बहुधा एक्स्टेंशनमागे, दरमहा असतं. पन्नास खाटा आणि वीस टेबलं म्हणजे सत्तर भाडी, आणि त्यातले बरेचसे फोन फक्त सिस्टरला बोलावण्यासाठी. टूर कंपनीत सत्तर भाडी म्हणजे सत्तर कमावते फोन. इथे तसं नाही.

रेकॉर्डिंग हा शेवटचा मुद्दा असला तरी हलका नाही. रुग्णालयाच्या कॉलमध्ये बाई गर्भारपणाबद्दल बोलते, कुणी एचआयव्हीच्या रिपोर्टबद्दल विचारतं. ते रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहतं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा जबाबदारी टाकतो ती रुग्णालयावर, काम बाहेरच्या कंपनीला दिलं असलं तरी. किती दिवस ठेवता, कोण ऐकू शकतं, पुसल्याचा पुरावा काय, हे विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत रेकॉर्डिंग बंद ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. वॉर्ड, आयसीयू, ओटी आणि लेबर रूम इमारतीतल्या डब्यावर, यूपीएससकट. अपॉइंटमेंट, चौकशी आणि दुसऱ्या गावातली ओपीडी खुशाल क्लाउडवर. कॅज्युअल्टीत या दोन्हींशी संबंध नसलेला एक साधा चार्ज केलेला मोबाइल, नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात.

आणि डेमोला कंपनीचा माणूस आला की चहा देण्याआधी राऊटरची वायर उपसा. मग सिस्टरला वॉर्डातून आयसीयूचा नंबर फिरवायला सांगा. घंटा वाजली, तर पुढची बोलणी करा.