भिगवणला समुद्र आला, कळलं का?

काय सांगू तुम्हाला, आमच्या भिगवणला समुद्र आलाय! पंचवीस वर्षं या गावात नांदतेय, पण आपण बीचवर राहतो याची मला गंधवार्ता नव्हती. खरा समुद्र घाटाखाली, दोनशे किलोमीटरच्या पलीकडं. पण थोरल्या जाऊबाईंचा मुलगा हिंजवडीत कामाला असतो, त्याचा डिसेंबरात फोन. "काकू, फेब्रुवारीत आम्ही सातजण कोस्टल राइडला येतोय. सायकलवर." म्हटलं, अलिबागला जाताय तर उन्हाचं जपा. तर म्हणतो, "अलिबाग कुठं? तुमच्याकडंच. उजनीचा किनारा."

घ्या! ज्याला आम्ही सरळ धरणाचा फुगवटा म्हणतो, त्याला हे किनारा म्हणणार.

बरं, एका दिवसाची सहल. आमच्या वेळी अशी सहल ठरवायला दशम्या आणि एस्टीचं वेळापत्रक पुरायचं. यांनी अडीच महिने घेतले. आधी ग्रुप निघाला. मग एक्सेलची शीट निघाली, तीत ऊन, वारा, चढ, केळी किती, मिठाचं पाणी किती. उजनीच्या पाण्याच्या टक्क्यांचासुद्धा एक रकाना! हे वाचून मामंजी, म्हणजे माझे सासरे, चहा फुर्रकन सांडेपर्यंत हसले. कारण 1980 साली पुरं झालेलं हे धरण, एकूण 117 टीएमसीचं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं की आकडा 'उणे' होतो. बँकेतली शिल्लक उणे झालेली आम्ही पाहिलीय, पण पाणी उणे झालेलं पाहिलं ते उजनीतच. पोरांना वाटलं शीटचं सूत्र चुकलं.

नंतर रस्त्यावरून भांडण. भिगवण, तक्रारवाडी, डिकसळ, कुंभारगाव इथवर एकमत. पुढं डाळज म्हटलं तर फोनवर तीन डाळज निघाली. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. चहा कुठल्या डाळजला, यावरून रात्री अकराला मला फोन! मी सांगितलं, बाबांनो, पोहे माझ्या घरी खा आणि कुठल्याही डाळजला जा.

कुणीतरी म्हणे मधेच टूम काढली की एवढं पेडल मारायचंच तर पुरते दोनशे किलोमीटर मारू, साडेतेरा तासांत. हे साडेतेराचं प्रमाण पॅरिसच्या एका क्लबानं घालून दिलंय, आणि ते पाळणारे हडपसरपासून सगळीकडं आहेत. मामंजींना सांगितलं, तर म्हणाले, "तेवढ्या वेळात तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला पोचते, वाटेत जेवून, भजन करून." त्यांना घाईचं कौतुक कधीच नव्हतं.

शेवटी आले. पहाटे चारला पुण्याहून निघालेले, नऊला अंगणात. आणि पोशाख! अहो, शेजारच्या आजी पदर तोंडाशी धरून ओट्यावरून उठल्याच नाहीत. मांड्यांना चिकटलेली चड्डी, आणि तिच्या बुडाला चक्क शिवलेली गादी. "गादी सायकलीला असते की माणसाला?" असं आजींनी मोठ्यानं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

मामंजी सायकलीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले. त्यांनी ॲटलासवर दुधाच्या किटल्या लावून उमेदीची वर्षं काढली. "किंमत?" पोरगा पुटपुटला, "दीड." "हजार?" "लाख." मग मामंजींनी बोटांवर मोजलं. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. "मग दीड लाखात दिलं काय?" उभी करायला स्टँडच नाही म्हणून ती सात लाडकी यंत्रं आमच्या कडब्याच्या गंजीला टेकवली. म्हशीनं एकीची मूठ चाटून पाहिली.

आता खरी गंमत. किनाऱ्याचा तो रस्ता यांनी उपग्रहाच्या चित्रावरून आखलेला, आणि चित्र काढलं होतं धरण भरलेलं असताना. फेब्रुवारीअखेर पाणी आत सरकलेलं. जिथं निळी रेघ होती तिथं गाळपेर! कलिंगडाचे वेल, मधून मोटारीचे पाइप, आणि कलिंगडवाला ओरडतोय, "ओ सायकलवाले, वेलावरून नका!" पाणी दिसतंय, पण अर्धा किलोमीटर पुढं. यांच्या किनाऱ्याला पाय फुटलेले. अर्थात तो असा सरकतो, चिखल उघडा पडतो, म्हणून तर रोहित पक्षी उतरतात. भरल्या उजनीत त्यांच्या लांब पायांना टेकायला उथळ जागा कुठली? गुलाबी थवा दिसला तेव्हा सातहीजण अवाक झाले, हे मात्र मान्य करायला हवं. मामंजी मागून माझ्या स्कूटीवर आले होते. त्यांनी पक्ष्यांकडं पाहिलं नाही, पाण्याकडं बोट केलं. "डिकसळचा जुना पूल मूळचा रेल्वेचा. धरण झालं, रूळ हलले, गावं हलली. आमचा दुधाचा रस्ता तिथं खाली आहे. तो घ्या की तुमच्या शीटमध्ये."

तेवढ्यात फुस्स. वेड्या बाभळीचा काटा, एकदम तीन टायरांत. पंक्चरवाल्याकडं नेलं, तर व्हॉल बारीक तोंडाचा, त्याच्या पंपाला बसेना. तो चाकाकडं असा पाहत राहिला की वैद्यानं परदेशी पाहुण्याची नाडी पाहावी. दुपार उलटली, पश्चिमेचा वारा सुटला. पुणं आमच्यापेक्षा साठेक मीटर उंच, म्हणजे परतीला चढ आणि तोंडावर वारा, त्यात रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, कानठळ्या बसवणारी गाणी लावून. शीटमध्ये ट्रॉल्यांचा रकाना नव्हता.

मग काय, मासळीबाजारातून पुण्याला निघालेला टेम्पो थांबवला. बर्फाच्या पेट्या, चिलापी, त्यावर सात सायकली आणि गाद्यांसकट सात चड्ड्या. किती किलोमीटर, किती वेगानं याचा हिशेब ठेवणारं मोबाइलवरचं ॲप मात्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. रात्री जाऊबाईंचा फोन, आवाज दबका. भिगवण ते पाटस टप्प्यात यांचा पोरगा सगळ्यांत वेगवान ठरला म्हणे, मुकुटाचं चित्र आलंय, आणि ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस.

मामंजींना वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "आणि चिलापीचा कितवा नंबर?"