बिबट्या चालतो, पोर्ट हारकोर्ट नको

पोर्ट हारकोर्टहून नोकरीचं पत्र आलं आणि आमच्या घरात आफ्रिकेचे तज्ज्ञ उगवायला लागले. एरवी ही मंडळी इगतपुरीला गेली तरी स्वेटर घेऊन जातात. पण नायजेरिया म्हटल्याबरोबर प्रत्येकाकडे त्या देशाची खडान्‌खडा माहिती निघाली. शेजारच्या काकांना तो नकाशात सापडायला बराच वेळ लागला, पण मत मात्र आधीच तयार होतं.

काम तसं सरळ होतं. किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर उचलायचं, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं सोडायची, तिथली दमलेली माणसं परत आणायची. सहा आठवडे काम, सहा आठवडे घर. पगार डॉलरमध्ये. मला यात नवीन काहीच नव्हतं. नोकरीचा उमेदीचा काळ आर्मी एव्हिएशनमध्ये गेला आणि शेवटची पोस्टिंग इथेच, नाशिकच्या गांधीनगरातल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये झाली. ही शाळा २००३ पासून तिथे आहे आणि उपनगर भागातल्या लोकांना दुपारची झोप हेलिकॉप्टरच्या आवाजाखाली काढायची सवय झाली आहे. निवृत्तीनंतर जुहूहून बॉम्बे हायच्या फेऱ्या केल्या. समुद्र इथला काय आणि तिथला काय, इंजिनाला फरक कळत नाही. फरक कळतो तो नातेवाइकांना.

आईचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "तिकडे सिंह असतात ना रे?"

तिला म्हटलं, पोर्ट हारकोर्ट म्हणजे नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश. खाड्या, खारफुटी आणि तेल. १९५६ साली जवळच्याच ओलोइबिरी गावी तेल लागलं आणि सगळा देश त्यावर चालायला लागला. आख्ख्या नायजेरियात सिंह उरलेत ते पन्नासाच्या आत, आणि तेही लांब उत्तरेकडच्या अभयारण्यांत. निफाडचा ऊसतोड कामगार एका हंगामात तेवढे बिबटे बघत असेल.

"बिबट्याचं वेगळं," आई म्हणाली. "तो आपला आहे."

हे मात्र खरं. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला, बातमी आणायला गेलेले पत्रकारही त्यात जखमी झाले. गंगापूर रोडवर त्याचा परिणाम एवढाच झाला, की आईच्या मंडळाने संध्याकाळचं फिरणं एक गल्ली अलीकडे आणलं. पुढच्या आठवड्यात तेही पूर्ववत.

जळगावच्या मामांचं सगळं आयुष्य एलआयसीत गेलं. त्यामुळे जगात त्यांना माणसं दिसत नाहीत, फक्त पॉलिसीधारक आणि वारस दिसतात. त्यांनी फोनवर थेट मुद्द्याला हात घातला. "तिकडे माणसं पळवतात म्हणे. कव्हर किती?"

पळवतात, हे खोटं नव्हतं. २००६ ते २००९ या काळात तिथल्या सशस्त्र गटांनी तेलकंपन्यांची परदेशी माणसं उचलण्याचा सपाटा लावला होता. मग सरकारने माफी जाहीर केली, जोर ओसरला, पण धंदा काही अगदी मोडीत निघाला नाही. म्हणून तर राहायचं ते कुंपणाच्या आत, आणि बाहेर पडायचं ते पुढे-मागे बंदूकधारी पोलिसांची गाडी घेऊन. हे ऐकून शेजारच्या काकू एकदम खूश झाल्या. "म्हणजे अगदी आमदारासारखं!"

मामा मात्र अडून बसले. त्यांना सांगितलं, की अपहरणाचाही विमा असतो, पण तो कंपनी काढते. आणि त्यातली गंमत अशी, की तो काढला आहे की नाही हे ज्याच्यासाठी काढला त्याला सहसा सांगतच नाहीत. पळवणाऱ्यांना कळलं तर भाव वाढेल, म्हणून.

फोनवर बराच वेळ शांतता. मग मामा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पॉलिसी आहे आणि पॉलिसीधारकाला पत्ता नाही? मग हप्त्याची पावती देतात कुणाला? नॉमिनी कोण? हा काय व्यवहार झाला?" भाच्याच्या अपहरणापेक्षा पावती नसणं त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं.

विषय बदलावा म्हणून मी जेवणाकडे वळलो. पोर्ट हारकोर्टला रस्त्यावर 'बोले' मिळतं: निखाऱ्यावर भाजलेलं मोठं केळं आणि सोबत मसालेदार मासा. मामांचा आवाज बदलला. "केळं? कुठल्या जातीचं? सालासकट भाजतात की सोलून?" जळगावच्या माणसापुढे केळ्याचा विषय काढला की अपहरण मागे पडतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग विमानतळ. माझ्या भाच्याने शोधून काढलं, की २०१५ साली प्रवाशांच्या एका पाहणीत पोर्ट हारकोर्टचा विमानतळ जगातला सर्वांत वाईट ठरला होता. तेव्हा तिथे उतरलेल्या प्रवाशांना चक्क तंबूत घ्यायचे. भाचा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, बाबा रे, त्यांच्याकडे विमानं होती आणि इमारत नव्हती. आपल्या ओझरला २०१४ साली झकास टर्मिनल बांधून झालं, आणि नियमित विमानांची वाट बघण्यात पुढची वर्षं गेली. त्यांनी २०१८ मध्ये नवं टर्मिनल बांधून हिशेब मिटवला. आपल्याकडे अजून मुंबई गाठायची तर लोक आधी कसाऱ्याच्या घाटाचा विचार करतात आणि मग भिवंडीचा.

सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेता येत नव्हत्या. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश एकट्या नायजेरियात आहेत. त्यात मलेरियावरचं मेफ्लोक्विन वैमानिकाला चालत नाही, कारण त्याने डोकं गरगरतं आणि भलतंसलतं दिसू शकतं. हेलिकॉप्टरच्या चालकाला समोर प्लॅटफॉर्म आहे तेवढाच दिसलेला बरा. शिवाय २०१६ च्या अखेरीपासून त्या शहरावर काळी काजळी पडते. खारफुटीत चोरून कच्चं तेल उकळतात, म्हणजे पेट्रोलियमची हातभट्टीच. तिचा धूर शहरभर. अंगणात पांढरा कपडा वाळत घालायची सोय नाही. आई म्हणाली, "पांढरा युनिफॉर्म कोण धुणार मग?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समुद्रावर उडायचं तर आधी बुडायला शिकावं लागतं, हे ऐकून तर तिने डोक्याला हात लावला. तरणतलावात एक पिंजरा असतो. त्यात तुम्हाला पट्ट्यांनी बांधून बसवतात, पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची, पिंजरा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, आणि मग खिडकी ढकलून बाहेर यायचं. घाई केली की दिशाच कळत नाही. नाकात पाणी आणि वर कुठे, खाली कुठे, काही समजत नाही. जुहूसाठी हे केलं होतं, ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं.

"याला पैसे भरतात?" आई म्हणाली. "आपल्या गंगेवर पोरं पुरात पुलावरून फुकट उड्या मारतात."

तिच्या या बोलण्याने मला माझाच धंदा आठवला. उड्डाणाआधी आम्ही वजनाचा तक्ता भरतो. प्रत्येक प्रवाशाला बॅगेसकट काट्यावर उभं करतो. पण नुसतं वजन पुरत नाही. ते वजन ठरलेल्या बिंदूपासून किती लांब ठेवलंय, त्या अंतराने गुणावं लागतं. जवळच्या सीटवर शंभर किलोचा ड्रिलर बसला तरी काही बिघडत नाही, आणि पार मागच्या टोकाला त्याच्या निम्म्या वजनाची पेटी टाकली तर शेपूट खाली जाते. तोल बिघडवतो तो वजन आणि अंतर यांचा गुणाकार.

आमच्या घरात नेमका हाच तक्ता भरणं चाललं होतं. पोर्ट हारकोर्टचा डास छोटाच, पण त्याला हजारो किलोमीटरनी गुणलं की केवढा होतो! उलट नाशिकचा धोका कितीही जड असो, अंतर शून्य. शून्याने गुणलं की बिबट्याही शून्य, घाटही शून्य. गोदेला, म्हणजे आमच्या गंगेला, पूर येतो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं आणि अख्खं नाशिक पोराबाळांना कडेवर घेऊन ते बघायला काठावर उभं राहतं. तेव्हा कुणी विम्याचं विचारत नाही.

माझ्या इथल्या कामाचंच घ्या. निवडणुका आल्या की आम्ही नेत्यांना घेऊन फिरतो. नातेवाइकांच्या मते ही सुरक्षित आणि मानाची नोकरी, कारण फोटो येतात. प्रत्यक्षात तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर चुन्याने एक एच काढलेला असतो. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं असतं, त्यामुळे धुळीऐवजी चिखल. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कोपऱ्यात ओला पाला जाळायचा असतो. तो उत्साही कार्यकर्त्याने तासभर आधीच जाळून टाकलेला असतो. उतरल्यावर गर्दी सेल्फीसाठी धावते ती नेमकी मागच्या पंख्याच्या बाजूने, आणि फिरणारा मागचा पंखा डोळ्याला दिसत नाही. मी हातवारे करतो, लोकांना वाटतं साहेब नमस्कार करतायत. ते उलट हात हलवतात.

खरी कसोटी पुढे. दिवे नसलेल्या मैदानावरून सूर्यास्ताच्या आत निघावंच लागतं. मी एक डोळा घड्याळावर आणि एक क्षितिजावर ठेवून उभा असतो आणि मंचावरून आवाज येतो, "शेवटचे दोन शब्द बोलतो आणि आपली रजा घेतो." या दोन शब्दांत सूर्य बुडालेला मी पाहिलाय. मग पीए येऊन कानाशी म्हणतो, "कॅप्टन, थोडं ॲडजस्ट करा." सूर्याने ॲडजस्ट करावं की मी, हे तो सांगत नाही. पोर्ट हारकोर्टच्या करारात सगळे धोके लिहिलेले होते, पण भाषणाचा उल्लेख कुठेच नव्हता. हा मुद्दा मी माझ्या तक्त्यात ठळक लिहिला.

मग सी.ए.कडे गेलो. तिथे वेगळाच पेच निघाला. सहा आठवडे तिकडे आणि सहा आठवडे इकडे म्हणजे वर्षाचा बरोब्बर अर्धा भाग घरी. आणि भारतात वर्षाला १८२ दिवस भरले की माणूस कराच्या दृष्टीने इथला रहिवासी. सी.ए. चष्मा पुसत म्हणाले, "कर्नल, दोन-चार दिवस कमी राहा घरी. तेवढ्याने फरक पडतो."

"दोन-चार कशाला," ही शेजारून म्हणाली, "चांगले दोन आठवडे कमी राहू देत. तेवढ्यात माळे साफ होतील."

शेवटची मुलाखत स्क्रीनवर झाली. तिथले मुख्य वैमानिक पोर्ट हारकोर्टचेच, पांढऱ्या मिश्यांचे, अतिशय सभ्य गृहस्थ. वाऱ्याचं विचारलं, सहाराची धूळ उडते त्या महिन्यांतल्या दृश्यमानतेचं विचारलं. मग जरा चाचरत म्हणाले, "एक खासगी प्रश्न विचारू का? तुमचं शहर कसं आहे, म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. एक व्हिडिओ सापडला. घरांच्या मधून बिबट्या चालला होता आणि लोक मागे मोबाईल घेऊन पळत होते. कॅप्टन, तुम्ही इकडे असताना तुमच्या घरच्यांना तिथे सुरक्षित वाटेल ना? माझ्या आईला दाखवला, ती म्हणते अशा गावात कुणी राहतं कसं?"

मी त्यांना काय उत्तर देणार? म्हटलं, बिबट्याचं वेगळं, तो आमचा आहे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांच्या गावाच्या काजळीबद्दल मी काढलं असतं तर त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं असतं, याची मला खात्री आहे.

त्या रात्री करारावर सही केली. वेळापत्रक आलं तेव्हा दिसलं, की २०२७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान असेल तेव्हा, मी समुद्रावर असणार. ही बातमी जळगावला कशी पोचली कोण जाणे, पण सकाळीच मामांचा फोन.

"ऑगस्टात तू तिकडेच ना?"

"हो मामा."

"म्हणजे तुमची वरची खोली रिकामी?"

"रिकामीच की."

"आम्ही नऊ जण आहोत. गंगेवर पहाटे जाऊ, सूनबाईला काही त्रास नाही." मामा जरा थांबले. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "आणि नायजेरियाचं तू मनाला लावून घेऊ नकोस हं. केळी भाजून खाणारी माणसं, ती वाईट कशी असतील?"