परवा बघूया की

बेळगावच्या खडेबाजारातून कुठल्याही बोळात वळा, एक मास्तर भेटतातच. शाळेतले नव्हेत, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि बोटांना खडू लागलेले. यांनी दिलेला वायदा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाभागाचा दावा, दोन्हींची पुढची तारीख शहाण्यानं विचारू नये.

मी विचारली. गेल्या दसऱ्याला थंडीसाठी जाकीट शिवायला काळी मखमल घेऊन गेलो होतो. मास्तरांनी कापडावरून तळहात आधी खाली फिरवला, मग वर. एकदा ते कोळशासारखं दिसलं, एकदा राखेसारखं.

"लव बघितलासा? वर जाणारी ठेवायची, रंग गडद येतोय. एक बाही उलटी कापली तर निम्मा माणूस काळा, निम्मा राखी. किती आणलंय?"

"अडीच मीटर."

"अर्धा अजून लागंल. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. फिरवून-फिरवून वाचवायला हे काय पॉपलीन न्हवं."

अर्धा मीटर आणून दिलं. "दिवाळीला घाला की!" म्हणाले.

मग माप घेतलं. मास्तर आकडा मराठीत सांगतात, पोरगा तो कन्नडमध्ये लिहितो, आणि बाही बरोबर मनगटावर येते. महाजन आयोगाला जमलं नाही ते या वहीत रोज जमतं.

दिवाळीला कापड हँगरवर होतं. "घड्या पडल्यात, जरा सुटू दे की. एक नोव्हेंबरला घाला, काळंच हाय. फेरीत शोभंल." काळ्या दिनाला मखमल घालून निषेध करणारा मी १९५६ पासूनचा पहिलाच ठरलो असतो, पण तोवर कात्रीच लागली नव्हती. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं आणि बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांच्या पँटी आडव्या आल्या. "सरकारी काम, न्हाई कसं म्हणू? संक्रांतीला घाला. काळं घालायचा सणच की तो!" माणूस वायदा चुकवतो, पण पुढचा कसा अगदी रंग बघून देतो!

भूत परत जावं म्हणून कर्नाटकात एके काळी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवत. मास्तर लिहीत नाहीत, तोंडानंच सांगतात. आणि उद्या नव्हे, परवा.

वेळेवर झालेलं त्यांचं एकच काम मला ठाऊक आहे. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम आला, तेव्हा मास्तरांनी स्टुलावर चढून स्वतः टेप लावला, खडूनं रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून घेतली. मराठी अक्षरं बारीक झाली, पण फिटिंगला कुठं झोळ नाही.

संक्रांतीनंतर एकदा भांडायलाच गेलो आणि तासभर बघत बसलो. मखमल मशीनखाली घातली की वरचा पदर पुढं सरकतो, म्हणून मास्तर आख्खी बाजू आधी हातानं कच्ची टाचत होते. टाचण्या फक्त शिलाईच्या आतल्या पट्टीत, कारण बाहेर टोचलं की खूण राहते. पोरगा गरम इस्त्री घेऊन पुढं आला तसे कन्नडमध्ये ओरडले. मग मखमलीचाच एक तुकडा लव वर करून पसरला, त्यावर बाही पालथी घातली आणि इस्त्री न टेकवता नुसती वाफ दिली. मला म्हणाले, "एकदा लव चेपली की चेपलीच. गिऱ्हाईक काय, उद्या परत येतंय."

यावर काय भांडणार!

वैशाखात, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवशी निरोप आला: तयार हाय. गेलो, अंगात घातलं. खांदा जिथल्या तिथं, कॉलरीला सुरकुती नाही, आणि रंग असा की हात लावताना आपल्यालाच संकोच वाटावा. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मास्तर चार पावलं मागं सरकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "थंडी पडू दे की आता."

निघताना त्यांच्याकडेच पँटचं कापड टाकून आलो. गणपतीला देतो म्हणालेत. कुठल्या सालच्या, ते विचारलं नाही.