हर्ट्झकाका

हर्ट्झकाकांचं खरं नाव वीजबिलावर आहे. ते वाचायची वेळ फक्त बिलं वाटणाऱ्यावर येते. बाकी सगळ्या सोसायटीला ते हर्ट्झकाका. हे बारसं तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी केलं आणि काकांनी ते बिरूद म्हणून स्वीकारलं. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या माणसाच्या नावाने हाक मारली जावी, यापेक्षा मोठा पुरस्कार वीज मंडळातून निवृत्त झालेल्या अभियंत्याला सहसा मिळत नाही.

काका इलेक्ट्रॉनिक संगीताचे भक्त आहेत. डोंबिवलीत हे कबूल करायला धैर्य लागतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सकाळी अभंग ऐकावेत, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी नाट्यगीताला मान डोलवावी, अशी इथली अपेक्षा. फार तर मदनमोहन चालतो. काका सकाळी दुधाची पिशवी घेताना क्राफ्टवेर्क लावतात. डसेलडॉर्फच्या राल्फ ह्युटर आणि फ्लोरियन श्नायडर यांनी १९७० साली काढलेली ही मंडळी. महामार्गावरच्या मोटारप्रवासावर त्यांनी १९७४ साली केलेलं ‘आउटोबान’ रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ते एकदा पंधरा मिनिटं सोसलं आणि विचारलं, “गाणं कधी सुरू होणार?”

“संपत आलं,” काका म्हणाले. “आणि बडा ख्याल पाऊण तास चालतो तेव्हा तुम्ही हे कुणाला विचारत नाही.”

काकांचा मूळ सिद्धांत असा, की घरात शांतता कधीच नसते, घरात षड्ज असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून तो शंभर हर्ट्झवर गुणगुणतो. फ्रीजही तोच सूर धरतो. काकू गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद. त्यांची पट्टी पांढरी पाच. सप्तकाचा हिशेब सोडला तर अठ्ठ्याण्णव हर्ट्झ. फ्रीज शंभरावर. हा दोन हर्ट्झचा दावा त्या घरात फ्रीज आला त्या दिवसापासून चालू आहे. काकू म्हणतात, फ्रीज चढा आहे. काका म्हणतात, काकू उतरल्यात.

“ते यंत्र आहे अहो, त्याला काय कळतं?”

“अगं, त्याच्यामागे अख्खं कोयना आहे. तुझ्यामागे फक्त पेटी.”

तडजोड इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने केली. काकू रियाजाला बसण्याआधी काका त्याचं बारीक सुराचं बटण फिरवून तो फ्रीजला मिळवून देतात. त्यामुळे काकूंचे यमन, भूप, बिहाग हल्ली राष्ट्रीय ग्रिडच्या पट्टीत असतात. हा तानपुरा बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली बनवला, हे काका प्रत्येक मैफलीच्या मध्यंतरात कुणाला तरी ऐकवतात. चहाच्या रांगेत “यंत्राला आत्मा नसतो हो” असं म्हणणारा एक रसिक नेमका भेटतोच. काका त्याला मंचावर गायकाच्या मागे मिणमिणणारा तांबडा दिवा दाखवतात आणि त्याच्या पुढे जाऊन चहा घेतात.

ग्रिडबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज हळवा होतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या लयीत आलं. “काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या फ्रीजांचा षड्ज त्या रात्री एक झाला,” काका सांगतात. “आणि तो मिळवला कुठे? सोलापुरात!”

“आणि लोडशेडिंगला काय म्हणायचं?” काकू विचारतात.

“मध्यंतर.”

असा कान घेऊन माणूस प्रवासाला निघाला, की बरोबरच्यांचं काय होतं ते काकूंनाच विचारावं. न्यू जर्सीला मुलीकडे पोचल्यावर काकांनी आधी नातीला जवळ घेतलं आणि तिला घेऊनच फ्रीजपाशी गेले. अमेरिकेची वीज साठ आवर्तनांची. पन्नासाला साठ म्हणजे पाचास सहा. आपल्या षड्जावर बरोबर कोमल गंधार. “हा अख्खा देश कोमल गंधारात आहे,” त्यांनी जाहीर केलं.

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “तरीच इथे आलं की मला घरची आठवण येते.”

जपानचं तर काकांना स्वप्नच पडतं. तिथे पूर्वेला पन्नास आणि पश्चिमेला साठ, म्हणजे तोक्यो षड्जावर आणि ओसाका गंधारावर. सिंथेसायझर बनवणारी रोलंड ही कंपनी १९७२ साली ओसाकात सुरू झाली, हा काकांच्या मते योगायोग असूच शकत नाही. असा योगायोग नसलेल्या गोष्टींची त्यांच्याकडे एक वही आहे.

रेल्वेचं पान त्या वहीत सर्वांत मोठं. काकांची नोकरी लोकलच्या प्रवासात गेली. इतर लोक गाडीत पत्ते खेळत, भजन म्हणत, भाजी निवडत. काका सांधे मोजत. रुळाचा तुकडा तेरा मीटरचा. गाडीने ताशी शंभरचा वेग धरला, तर एक चाक मिनिटाला एकशे अठ्ठावीस सांधे ओलांडतं. आणि एकशे अठ्ठावीस हा हाउस म्युझिकचा लाडका ठेका! शिकागोच्या पोरांनी १९८० च्या दशकात जे शोधलं, ते आमच्या खिडकीखाली आधीपासून वाजत होतं, असं त्यांचं म्हणणं. गोवा ट्रान्सचा एकशे पंचेचाळीसचा ठेका हवा असेल तर ताशी एकशे तेरा किलोमीटर, हेही वहीत आहे. पुढे रेल्वेने रूळ वितळवून सलग जोडले. धक्के गेले, खडखड गेली, प्रवासी सुखावले. काकांनी मात्र आगगाडीच्या आवाजांतून संगीत रचणाऱ्या पिएर शेफरचं स्मरण केलं. त्याने ते पॅरिसमध्ये १९४८ साली केलं होतं. “वेळेवर उरकून घेतलंन् बिचाऱ्याने,” काका हळहळले.

युरोपला ते अस्सल मराठी पद्धतीने, म्हणजे बसभर माणसं आणि बसच्या पोटात चकल्यांचे डबे अशा थाटात गेले. कोलोनला सगळे कॅथेड्रलचे मनोरे बघत असताना काकांनी टूर मॅनेजरला विचारलं, “विमानतळ कधी दाखवणार?”

“काका, आपण बसने आलोय.”

“जायचं नाहीये, बघायचाय.”

ब्रायन ईनोला ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या १९७८ च्या रेकॉर्डची कल्पना कोलोनच्या विमानतळावर बसल्या बसल्या सुचली होती. टूर मॅनेजरने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि काकूंना बाजूला घेऊन गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, याची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी खरेदीसाठी सुट्टी होती. काका काकूंना घेऊन आगगाडीने डसेलडॉर्फला गेले. स्थानकापासून जवळच मिन्ट्रॉपश्ट्रासे नावाचा रस्ता आहे. क्राफ्टवेर्कचा क्लिंग क्लांग स्टुडिओ अनेक वर्षं तिथे होता. काकांनी त्या इमारतीसमोर चपला काढल्या आणि हात जोडले. जर्मन लोक वळसा घालून जाऊ लागले.

“आत कोण आहे?” काकूंनी विचारलं.

“आता कुणी नाही. ते कधीच दुसरीकडे गेले.”

“मग नमस्कार कुणाला?”

“पत्त्याला.”

काकूंनीही नमस्कार केला. पंढरपूरला कळसाला हात जोडून परतणाऱ्या घराण्यातल्या त्या. त्यांना यात वावगं काही वाटलं नाही.

बर्लिनमध्ये एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत जगप्रसिद्ध नाइटक्लब आहे. शनिवारी रात्री लोक तिथे तासन्‌तास रांगेत उभे राहतात आणि दारवान त्यातल्या बऱ्याच जणांना कारण न सांगता परत पाठवतो. काळ्या कपड्यांतल्या त्या रांगेत काका स्वेटर, कानटोपी आणि टूरच्या पिवळ्या पिशवीसह उभे राहिले. पाळी आल्यावर दारवानाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बॉयलर कुठे होता?” दारवानाने मान हलवली. काका परत आले ते प्रसन्न मुद्रेने. उभं आयुष्य त्यांनी ‘अनधिकृत व्यक्तींस प्रवेश नाही’ या पाटीच्या आतल्या बाजूला काढलेलं. “वीजकेंद्रात वाटेल त्याला सोडत नाहीत, हेच बरोबर,” ते म्हणाले. “शिस्त आहे हो!” पुढे २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोचा देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला, तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. कारण विचारणाऱ्यांना ते कळेना, म्हणून काकूंनी परस्पर ‘नातीचा निकाल’ असं सांगून टाकलं.

गोव्याला मात्र नवरा-बायकोची खरी जुगलबंदी होते. काकूंचं माहेर फोंड्याकडचं. त्या मंगेशीला जाणार, काका हणजुण्याला. तिथे पौर्णिमेच्या रात्री परदेशी पाहुणे नाचायचे, तबकड्या उन्हाने वाकड्या होतात म्हणून वाजवणारे कॅसेटसारख्या डिजिटल टेपा वापरायचे, सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल जटा वाढवून साधू झाला, ही पुराणं काका मंगेशीच्या तळ्याकाठी काकूंच्या माहेरच्यांना सांगतात.

“ज्या मातीत केसरबाई केरकर जन्मल्या, तिथे हे असलं!” काकू एकदा कडाडल्या. “केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली आहे, ठाऊक आहे ना? १९७७ साली, व्हॉयेजरवर!”

“ठाऊक आहे. आणि तिला पाठीवर घेऊन कोण चाललंय? आमचं यंत्रच ना?”

पुढचे दोन दिवस काका एकटेच मासे खात होते.

तह केला तो चरणजित सिंगांनी. हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची नवी यंत्रं जुळवून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. त्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही. त्यातलं टीबी-३०३ हे डबडं एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्यांना बेसची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. ते खपलं नाही आणि १९८४ साली बंदही पडलं. मग शिकागोच्या तरुणांनी ते जुन्या बाजारातून उचललं, १९८७ साली त्यातून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं आणि जग थक्क झालं. चरणजित सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेला होता.

काकांनी एका संध्याकाळी काकूंना न सांगता त्यातला मालकंस लावला. काकू मेथी निवडत होत्या. “हे कोण? मींड बरी घेतोय.” काकांनी श्वास रोखला. मालकंस संपला. काकू म्हणाल्या, “याला तालाची फार घाई आहे. पण राग सोडत नाही. पुढचा लावा.” त्या रात्री मेथी राहिली आणि पिठलं झालं. काकांच्या वहीत या दिवसाची नोंद लाल शाईने आहे.

एवढं सगळं प्रेम पाहून गणपतीतल्या डॉल्बीवाल्या पोरांना वाटलं, काका आपलेच. ज्येष्ठ नागरिकांनाही वाटलं, काका आपलेच, कारण डेसिबल मोजायचं यंत्र सोसायटीत त्यांच्याकडेच होतं. ज्येष्ठांनी त्यांना मंडळाकडे तक्रार घेऊन पाठवलं. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा, तिचा कागदही हातात दिला. काका भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. पोरं भेदरली.

“अरे, तुमची खालची रांग उलटी जोडली आहे. प्लसला मायनस. अर्धे स्पीकर बाहेर ढकलतायत, अर्धे आत ओढतायत. बेस आपापसात मरतोय आणि तुम्ही तो यावा म्हणून आवाज वाढवताय. पक्कड आण.”

अर्ध्या तासात तारा बदलल्या. आवाज निम्म्यावर आणूनही बेस असा उमटला की पोरांनी काकांना उचललं. डेसिबलचा आकडा खरोखर उतरला. पंचावन्नाच्या जवळपासही तो आला नाही, पण उतरला. ज्येष्ठांच्या कपाटातल्या कपबशा मात्र प्रथमच तालात वाजू लागल्या. काकांना ध्वनिनियंत्रण समितीतून काढण्यात आलं. मंडळाने पुढच्या वर्षीच्या पावतीपुस्तकावर त्यांचं नाव ‘ध्वनी सल्लागार’ म्हणून छापलं, तर काकांनी तेही नाकारलं. पोरांनी निवडलेली गाणी त्यांना अजिबात मान्य नव्हती.

अशा माणसाला कुठलाच गट कायमचा ठेवून घेत नाही. शास्त्रीयवाल्यांना ते यंत्रवाले वाटतात, डॉल्बीवाल्यांना शास्त्रीय. आपण सगळे आवाज सोसतो किंवा बंद करतो. हर्ट्झकाका आधी तो पूर्ण ऐकून घेतात आणि मगच मत देतात. म्हणून त्यांचं मत कुणाच्याच सोयीचं नसतं.

गेल्या महिन्यात सोसायटीने नवी लिफ्ट बसवली. जुनी निघताना कण्हायची आणि थांबताना खोकायची. नवीचा आवाज नाही. सगळे खूश. दुसऱ्याच दिवशी तक्रारवहीत काकांच्या सुवाच्य अक्षरात नोंद आली: ‘लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहे हे घरात बसून कळत नाही. पाहुणा थेट दारात उगवतो. चहाचं आधण ठेवायला वेळ मिळत नाही. योग्य तो आवाज बसवून द्यावा. नमुने माझ्याकडे उपलब्ध आहेत.’

खाली सेक्रेटरींचा शेरा आहे: ‘ध्वनिप्रदूषणाच्या सदरात घेता येत नाही. पुढील सभेत ठेवावे. सभेला काकांना बोलवावे की नाही, हेही त्याच सभेत ठरवावे.’